मळ्याची 'सफाई' करण्याआधी आमचं ऐका : आमच्या ग्रामपंचायतीला आणि कृषी कार्यालयाला खुलं पत्र

प्रति,
सरपंच वहिनी, उपसरपंच, सगळे मेंबर आणि ग्रामसेवक भाऊ,
तसंच आमच्या तालुक्याच्या कृषी कार्यालयातले साहेब,

सगळ्यांना नमस्कार.

ह्या पत्राची सही केलेली प्रत मी पंचायतीत दिलीय, पोचही घेतलीय. पण विषय एकट्या माझ्या जमिनीचा नाही, अख्ख्या मळ्याचा, म्हणजे गावच्या सगळ्या भातशेतीचा आहे, आणि आपलं अर्धं गाव मुंबईला, त्यांना तर असा काही ठराव झालाय हेच माहीत नाही, म्हणून सगळ्यांना वाचता येईल असं उघडच लिहितेय. पत्र मोठं झालंय, पण पूर्ण वाचा.

१ मेच्या ग्रामसभेत अगदी शेवटी, अर्धी माणसं उठून चपला शोधत होती तेव्हा हा ठराव वाचला गेला. पावसाआधी मळ्याची सफाई करायची. म्हणजे काय तर मेरांवरचं, म्हणजे शेताच्या बांधांवरचं, गवत-झुडूप सगळं काढून जेसीबीने मेरा सरळ आणि रुंद करायच्या, परत उगवू नये म्हणून वरून तणनाशक मारायचं, व्हाळाच्या (ओढ्याच्या) दोन्ही काठांवरची झाडं तोडून व्हाळ सरळ आणि खोल करायचा, आणि देवळामागच्या तळीला चारही बाजूंनी काँक्रीटची उभी भिंत घालून सुशोभीकरण करायचं. कोणी काही विचारलं नाही, कोणी समजावलं नाही, हात वर झाले आणि मंजूर. आठवड्याभरात साकवाच्या (व्हाळावरच्या लहान पुलाच्या) खालच्या अंगाला मशीन लागलं पण. तिथले करंज आणि केवड्याची बेटं आडवी झालीत, ज्याला बघायचंय त्याने जाऊन बघावं.

माझा ह्यात संबंध काय ते सांगते. आमचे भाताचे कुणगे (खाचरं) व्हाळाला लागून आहेत, वर भरडीत थोडी हापूसची आणि काजूची कलमं, आणि कलमांत सातेरी मधमाशीच्या पेट्या. नवरा मुंबईला नोकरीत होता तेव्हापासून शेती मीच बघत आलेय. तरवा पेरण्यापासून भात झोडेपर्यंत ह्याच मेरांवरून माझी ये-जा, त्यामुळे मेरेवर कधी काय उगवतं आणि कुठल्या बिळात कोण राहतं हे मला माहीत आहे. ठराव करणाऱ्यांपैकी किती जण गेल्या पावसात मळ्यात उतरले होते हे मी विचारत नाही, पण जे उतरतात त्यांना विचारायला हवं होतं एवढं नक्की म्हणते.

आता एकेक हरकत.

पहिली हरकत कामाच्या वेळेवर. मे महिन्यात मेर वरून सुकी, भेगाळलेली, मेल्यासारखी दिसते. पण सगळा मळा तेव्हा जमिनीच्या आत असतो. मोठे पिवळे बेडूक मातीत गाडून घेऊन पावसाची वाट बघत असतात, कुर्ल्या (खेकडे) बिळात असतात आणि त्यांच्या पोटाखाली पिल्लं असतात, दिवड-धामणीची अंडी ह्याच बिळांत असतात. जूनमध्ये पहिला दणका पडला की हे सगळं एका रात्रीत बाहेर येतं आणि मळा ओरडायला लागतो. आता जेसीबीचा दात त्याच मातीत घातला तर बाहेर यायला उरणार काय?

बेडूक गेले तर काय बिघडतं असं कोणाला वाटेल. तुडतुडे, सुरळीतली अळी, निळे भुंगेरे, हे सगळं बेडूक खातो आणि त्याचं बिल पाठवत नाही. आपल्या देशातून बेडकांच्या तंगड्या परदेशात जायच्या, शेतातून पोती भरभरून बेडूक पकडले जायचे, शेवटी १९८७ साली सरकारने ती निर्यात बंद केली. म्हणजे बेडूक शेताला लागतो हे सरकारला तेव्हाच पटलं होतं, आपल्याला अजून पटवायला लागतंय.

दुसरी हरकत मेरा खरवडण्यावर. सभेत कारण दिलं गेलं की उंदीर आणि कुर्ल्या मेरा पोखरतात, पाणी गळतं, म्हणून मेरा नव्या बांधायच्या. पोखरतात हे खरं आहे, मी नाकारत नाही, रात्रीत कुणगा रिकामा झालेला मीही बघितलाय आणि सकाळी उठून चिखलाचे गोळे कोंबत बसलेय. पण उंदराला नवीन भुसभुशीत मातीची मेर पोखरायला जास्त सोपी की हरळीच्या मुळांनी आवळून धरलेली जुनी मेर? आणि उंदीर खाणारं कोण आहे मळ्यात? धामण, मुंगूस, रात्री गव्हाणी घुबड. धामण राहते गवतात आणि गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, दगडांत. तुम्ही गवत काढणार, गडगे पण 'अडचण' म्हणून ढकलणार, मग धामण जाणार, आणि उंदीर मात्र परत येणार कारण भात तिथेच आहे. पुढच्या वर्षी उंदराच्या औषधाचा ठराव घेणार का?

आमचे सासरे सांगायचे, "मेर बाजूक तासूची, माथ्याक हात लावूचो नाय." बाजू तासली की भाताला जागा मिळते आणि बिळं बुजतात, माथ्यावरचं गवत राहिलं की पावसात मेर टिकते. आपल्याकडे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. उघड्या मातीच्या मेरेवर जुलैचा पाऊस पडला तर ती माती व्हाळात जाणार, व्हाळातून खाडीत, आणि मग खाडी गाळाने भरली म्हणून अजून एक फंड मागायचा.

तिसरी हरकत तणनाशकावर आणि इथे मी जरा रागावूनच लिहितेय. ग्लायफोसेट म्हणून जे औषध दुकानात सर्रास मिळतं आणि कलमांच्या बुंध्यापासून ते पाणंदीच्या कडेपर्यंत सगळीकडे मारलं जातं, त्याच्या वापरावर केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये अधिसूचना काढून बंधन घातलंय, ते फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरनेच मारायचं, कोणीही पंप पाठीला लावून नाही. कृषी कार्यालयातल्या साहेबांना हे माहीत असणारच. मग ग्रामपंचायतीच्या ठरावात 'तणनाशक फवारणी' असं मोघम लिहून ते मंजूर कसं होतं, कुठलं औषध, कोण मारणार, कुठल्या हाताने, काहीच नाही. आणि मेर म्हणजे काय माळरान नाही, मेरेच्या दोन्ही बाजूला भाताचं पाणी आहे, ते पाणी व्हाळात जातं, व्हाळाच्या कडेला विहिरी आहेत.

मेरेवरचं गवत तण आहे हे ठरवलं कोणी? गुरं आहेत त्यांना विचारा. पावसात रोजचा भारा ह्याच मेरांवरून कापून नेतो आम्ही. टाकळा, कुर्डू, मेरेच्या कडेचं अळू, माका, ब्राह्मी, हे सगळं तिथलंच. आणि चतुर्थीला गणपतीवर पानाफुलांची माटवी बांधायची म्हटली की सगळे पोरांना कुठे पिटाळतात? हरणं नावाची रानफुलं, तेरडा, शेरवडं, कवंडळं आणायला मेरा आणि व्हाळाचा काठच शोधतात ना? गौरीला तेरडा लागतो. एकदा तणनाशक बसलं की पुढच्या वर्षी तिथे पहिल्यांदा येतं ते रानमोडी आणि कडक गवत, जे गुरं तोंडाला लावत नाहीत. ज्या बागांत सलग काही वर्षं औषध मारलंय त्यांच्या कडेने एकदा चालून बघा, तिथे काय उगवतंय ते.

चौथी हरकत व्हाळाची, आणि ही सगळ्यात मोठी.

नाला खोलीकरण-सरळीकरण हे काम घाटावरून आलंय. तिकडे पाऊस कमी, जमीन वेगळी, तिकडे सुद्धा ते सगळीकडे चालतं असं नाही, पण आपल्याकडे तर प्रश्नच वेगळा आहे. आपल्याला पाणी कमी पडत नाही, ते थांबत नाही. व्हाळ वाकडा आहे म्हणून पाणी अडखळत जातं, वळणावर कोंड (डोह) तयार होते, कोंडीत पाणी फेब्रुवारी-मार्चपर्यंत राहतं, त्यावर कच्चा बंधारा घालून आपले लोक वायंगण (पावसाळ्यानंतरचं दुसरं पीक) करायचे, अजून काही जण करतात. व्हाळ सरळ आणि खोल केला की पाणी दिवाळीआधीच खाडीत. आजूबाजूच्या विहिरींचं पाणीही त्याच्याकडेच झिरपून जाणार. आणि आपला व्हाळ खाडीला मिळतो हे विसरू नका, तळ खाली नेला तर उधाणाच्या भरतीला खारं पाणी आणखी वर चढणार. खार लागलेला कुणगा परत गोड व्हायला किती पावसाळे जातात हे खालच्या वाडीतल्या लोकांना विचारा.

काठावरच्या झाडांचं म्हणाल तर करंज, केवडा, भेंड, जांभूळ, उंबर, माणग्याची बेटं, ह्यातलं कोणी तिथे मुद्दाम लावलेलं नाही आणि कोणी पाणी घातलेलं नाही. केवड्याची मुळं काठ धरून ठेवतात. झाडाच्या सावलीत पाणी गार राहतं म्हणून मासा राहतो. उंबरावर धनेश येतो, संध्याकाळी वटवाघळं येतात. माडाच्या झावळ्यांवर आणि काठाच्या बाभळीवर सुगरणीची घरटी पाण्यावर लोंबतात आणि ती वेळ पावसाचीच असते. खंड्या, कोतवाल, वेडा राघू ह्याच फांद्यांवर बसून मळ्यातले किडे टिपतात. कृषी खात्याचे साहेब दरवर्षी प्रशिक्षणात सांगतात की एकात्मिक कीड नियंत्रणासाठी शेतात पक्षीथांबे उभे करा. साहेब, हे काठावरचे पक्षीथांबे फुकटचे आहेत, शिवाय जिवंत आहेत. एकीकडे बांबूच्या काठ्या रोवायला सांगायचं आणि दुसरीकडे झाडं तोडायला मंजुरी द्यायची हे कसं?

आणि चढणीचे मासे. ह्या एका गोष्टीसाठी तरी गावातले पुरुष माझ्या बाजूने उभे राहतील असं वाटतं. पहिल्या मोठ्या पावसात खालच्या कोंडींतून मासे प्रवाहाच्या उलट चढतात, मळये, खवळे, शेंगट्या, मरळ, आणि आपल्या कुणग्यांत येऊन अंडी घालतात. पिल्लं भाताच्या पाण्यात मोठी होतात आणि पाणी ओसरताना परत व्हाळात जातात. त्यासाठी कुणग्यातून व्हाळात पडणारं पाणी आणि व्हाळाचं पाणी जवळजवळ एका पातळीला लागतं. व्हाळ पाच-सहा फूट खाली नेला की मासा खालीच आपटत राहणार. (ह्यात आपलाही दोष आहे, अंड्याने भरलेला मासा रात्री बॅटऱ्या घेऊन झाडून सगळा मारायचा हेही बंद व्हायला हवं, त्यावर वेगळी सभा घ्या, मी येते.) साकवाच्या वरच्या कोंडीपाशी खडकांवर पाणमांजराची विष्ठा दिसते, कुर्ल्यांच्या कवचांचे तुकडे असतात त्यात. पाणमांजर जिथे टिकतं तिथे मासा आणि पाणी दोन्ही ठीक आहे हे समजायला कुठलं मशीन लागत नाही.

पाचवी तळी. सुशोभीकरणाला माझा विरोध नाही, पायऱ्या नीट करा, देवळाकडची बाजू बांधा, दिवा लावा. पण चारही बाजूंनी उभी काँक्रीटची भिंत का? पाण्यात पडलेलं वासरू वर कुठून येणार? बेडूक, कासव, त्यांची पिल्लं ह्यांना तिरका मातीचा काठ लागतो. चतुर आणि टाचण्या हे उडणारे किडे लहानपणी पाण्यातच असतात, डासाच्या अळ्या खातात, आणि पंख फुटताना काठावरच्या लव्हाळ्याला धरून बाहेर येतात. लव्हाळं काढलंत, भिंत घातलीत, तर डास राहणार आणि डास खाणारा जाणार. मग फॉगिंग करा.

आणि तळी म्हणजे नुसतं डबकं समजू नका. आपल्याच सिंधुदुर्ग जिल्ह्यात आंबोलीला हिरण्यकेशी मंदिराच्या कुंडात एक बोटाएवढा मासा सापडला, २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी तो नवीन प्रजात म्हणून जाहीर केला, शिस्टुरा हिरण्यकेशी, आणि २०२१ मध्ये राज्य सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ केली. दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथे देवराईत रानजायफळाची दलदल आहे, ती पण वारसा स्थळ झाली. ही दोन्ही ठिकाणं देवाच्या नावाने लोकांनी हात न लावता ठेवली होती म्हणून टिकली. आपल्या तळीत काय आहे हे कोणी बघितलंय का आजपर्यंत? बघायच्या आधीच सिमेंट ओतायचं?

सहावी गोष्ट ठरावात नाही पण मळ्याशी जोडलेली आहे, बागांची फवारणी. हे मी सगळ्या बागायतदार भावांना उद्देशून लिहितेय, भांडायला नाही. आंब्याचा मोहोर बारीक, त्यावर मधमाशीपेक्षा माश्याच जास्त येतात, शिवाय सातेरी आणि डंख नसलेली पोया मधमाशी. काजूलाही तसंच. ह्यांच्याशिवाय फळ धरत नाही. त्यांना मोहोर असतो ते दोन-तीन महिनेच खाऊन भागत नाही, बाकीच्या वर्षात मेरेवरची, सड्यावरची, व्हाळाकाठची फुलं लागतात. तीही काढली आणि मोहोर फुललेला असताना भर सकाळी फवारणी केली तर मग फळधारणा होत नाही म्हणून कोणाच्या नावाने ओरडायचं? यंदा शेजारच्या एका बागेत मोहोर पूर्ण फुललेला असताना औषध मारलं गेलं आणि माझ्या पेट्यांसमोर मेलेल्या मधमाश्यांचा थर पडला. मला एक फोन आला असता तर आदल्या रात्री पेट्यांची दारं बंद केली असती. कृषी विद्यापीठाच्याच सल्ल्यात असतं की मोहोर फुललेला असताना फवारणी टाळा, करावीच लागली तर परागीभवनाची वेळ सोडून करा. तो सल्ला बागेपर्यंत पोचवायचं काम कोणाचं आहे? दुकानदाराचं नक्की नाही, आणि आज बहुतेक जण दुकानदारालाच विचारून औषध मारतात.

१९९० साली रोजगार हमीतून फळबाग योजना आली, त्याने कोकणातल्या किती घरांना चार पैसे दिसले, माझ्या घराला पण. ती योजना वाईट होती असं मी कधीच म्हणणार नाही. पण त्याबरोबर डोंगरउतारावरचा मिश्र झाडोरा गेला आणि एकाच जातीची कलमं आली, हेही खरं. आता निदान उरलंय ते तरी, बागांच्या कडा, गडगे, घळणी, ते तरी ठेवूया.

आता सभेत जो सगळ्यात मोठा मुद्दा आला त्यावर. झाडी वाढली की डुक्कर येतात, माकडं येतात. डुकरांनी केलेलं नुकसान मी सोसलंय, पिकलेलं भात एका रात्रीत लोळवलेलं बघून काय होतं हे मला सांगायची गरज नाही. पण डुक्कर राहतात कुठे? मेरेवरच्या गुडघाभर गवतात डुक्कर राहत नाही. डुकरं राहतात पडीक कुणग्यांत. मळ्यात आज कितीतरी कुणगे वर्षानुवर्षं ओसाड पडलेत, मालक मुंबईला, सातबारावर दहा-बारा नावं, कोण कसणार. त्यात घाणेरी आणि रानमोडी माजलीय माणूसभर उंच, आत शिरता येत नाही. तिथे ना धड भात, ना गवत, ना बगळा उतरत, ना टिटवी अंडी घालत. साफ करायचंच असेल तर हे साफ करा! जेसीबीचा खर्च तिथे घाला, कसायला तयार असलेल्या बचत गटांना ते कुणगे मालकांच्या लेखी संमतीने नाचणीला, वायंगणाला, भाजीला द्या. भाताचं शेत चालू राहिलं तरच पाणपक्षी, बेडूक, मासे राहतात, शेती बंद पडली म्हणून रान वाढतं आणि निसर्ग वाचतो असं आपल्या मळ्यात तरी होत नाही. पैसा तोच आहे, फक्त चुकीच्या जागी चाललाय, एवढंच माझं म्हणणं आहे.

इंग्लंडात दुसऱ्या महायुद्धानंतर जास्त पीक यावं म्हणून शेताच्या कडेची जुनी झाडांची कुंपणं उपटायला सरकारच अनुदान द्यायचं. मैलच्या मैल काढली. शेतातले पक्षी कमी झाले, माती वाहायला लागली, मग १९९७ साली ती कुंपणं वाचवायला नियम करावे लागले आणि आता तीच कुंपणं परत लावायला शेतकऱ्यांना पैसे देतात. आपल्याकडे अजून बरंच शिल्लक आहे, आपल्याला ते परत लावायची वेळ का आणायची?

शेवटची हरकत ठराव झाला त्या पद्धतीवर. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणे ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. ह्या वेळी ती झाली असं रजिस्टरवर असेल तर कधी आणि कुठे झाली ते सांगा, कारण आमच्या वाडीतल्या एकाही बाईला निरोप नव्हता. लावणी कोण करतं, मेरेवरचं गवत कोण कापतं, व्हाळावर कपडे कोण धुतं? आणि दुसरं, जैवविविधता कायदा २००२ चा आहे. त्यात प्रत्येक ग्रामपंचायतीने जैवविविधता व्यवस्थापन समिती करायची आणि लोकांना सोबत घेऊन लोक जैवविविधता नोंदवही तयार करायची असं आहे. २००४ च्या नियमांत त्या समितीत निदान एक तृतीयांश बायका हव्यात असंही होतं. आपल्या गावात ही समिती कागदावर आहे असं मला सांगण्यात आलं. मेंबर कोण ते कोणालाच सांगता आलं नाही. नोंदवही विचारली तर 'कपाटात असेल' असं उत्तर मिळालं. व्हाळ आणि तळी ह्यांच्याबद्दलचा निर्णय त्या समितीसमोर न जाता झालाच कसा?

आता मागण्या, सरळ लिहिते.

काम आज थांबवा. ठराव तहकूब करा आणि ह्याच विषयावर विशेष ग्रामसभा बोलवा, त्याआधी महिलांची सभा वाडीवार निरोप देऊन घ्या. कामाचं एस्टिमेट आणि नकाशा पंचायतीच्या बोर्डावर लावा, कुठली झाडं तोडायची ती मोजून खुणा करून दाखवा, आणि झाडं तोडायची रीतसर परवानगी घेतली असेल तर तीही लावा.

व्हाळ खोल आणि सरळ करायचं काम कायमचं रद्द करा. साकवाखाली अडकलेले ओंडके, प्लास्टिक, बाटल्या हे जरूर काढा, त्याला आम्ही सगळ्या श्रमदानाला येऊ. गाळ काढायचा तर हाताने, रोजगार हमीतून, जिथे खरोखर पाणी मळ्यात तुंबतं तेवढ्याच जागी. काठाच्या दोन्ही बाजूंना निदान दहा-दहा फुटांचा झाडोऱ्याचा पट्टा ठेवायचा असं गावाने ठरवावं, आणि छाटणी करायची ती एका वर्षी एकाच काठाची, भात कापणी झाल्यावर, कोयतीने. जिथे मशीनने काठ उघडा केलाय तिथे पावसाच्या तोंडावर केवडा, करंज, माणगा लावून द्या, रोपं आमच्याकडून घ्या.

मेरांवर तणनाशक मारायचं नाही. साहेब, तुमच्या कार्यालयाने तालुक्यातल्या प्रत्येक कृषी सेवा केंद्रात ग्लायफोसेटबद्दलच्या अधिसूचनेचा मराठीतला बोर्ड लावायला सांगा आणि तो लागलाय का ते येऊन बघा. मेरांची दुरुस्ती ज्याने त्याने बाजू तासून करावी, ज्यांच्या घरात माणसं नाहीत त्यांच्यासाठी पंचायतीने मजुरी द्यावी.

तळीची देवळाकडची एकच बाजू बांधा. बाकी तीन बाजू मातीच्या, तिरक्या, लव्हाळ्यासकट राहू द्या. पावसात आणि पावसानंतर तिथे काय काय आहे ह्याची नोंद करा, शाळेतल्या मुलांना बरोबर घ्या.

फवारणीसाठी डिसेंबर ते मार्च गावाच्या ग्रुपवर दोन दिवस आधी मेसेज टाकायचा असा नियम करा. मोहोर फुललेला असताना फवारणी टाळण्याची बैठक कृषी सहाय्यकांनी नोव्हेंबरमध्ये वाडीवार घ्यावी.

पडीक कुणग्यांची यादी करा आणि मालकांना पत्रं पाठवा. मुंबई मंडळाच्या मीटिंगमध्ये हा विषय ठेवा, मंडळाचे पदाधिकारी हे वाचत असतील तर त्यांनी स्वतः घ्यावा. डुक्कर-माकडांच्या नुकसानीचे पंचनामे वेळेवर होत नाहीत, त्यासाठी वनखात्याला पंचायतीच्या लेटरहेडवर पत्र द्या, त्यावर सगळ्यात पहिली सही मी करीन.

आणि जैवविविधता समितीची नावं वाचून दाखवा, बंद असेल तर नवीन करा, मळ्यात राबणाऱ्या बायका त्यात घ्या, आणि नोंदवही कपाटातून काढून ग्रामसभेत वाचा.

पाऊस तीन-चार आठवड्यांवर आलाय. काम थांबवल्याचं पत्र ह्या रविवारच्या आत बोर्डावर लागावं ही विनंती. नाही लागलं तर आम्ही बायका सोमवारी सकाळी अर्ज घेऊन गटविकास अधिकाऱ्यांकडे जाणार आहोत, ज्यांना यायचंय त्यांनी साडेआठच्या एसटीला तिठ्यावर यावं.

आपली,
व्हाळाकाठची एक शेतकरीण